अ‍ॅनिमेची परीक्षणं मराठीत लिहिताना हात का अडखळतो?

पागोळी | शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, त्यामुळे विषय बघून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. गेली सहा वर्षं मला एक छंद आहे. रात्रीची जेवणं आटोपली की अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचे, दोन भाग बघायचे, नाहीतर लाइट नॉव्हेलची वीसेक पानं वाचायची, आणि रविवारी दुपारी त्यावर लिहायचं. याचे पैसे मिळत नाहीत. घरच्यांना वाटतं मी ऑफिसचे हिशेब घरी आणते.

लाइट नॉव्हेल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जपानमध्ये खिशात मावतील अशा, ए-४ कागदाच्या पाव आकारात निघणाऱ्या कादंबऱ्या. सुरुवातीला दोन-चार रंगीत पानं, मधे मधे काळीपांढरी चित्रं, संवाद भरपूर. एकेका मालिकेचे दहा-वीस खंड सहज होतात. गाजली की अ‍ॅनिमे निघतं.

आजवर सगळं इंग्रजीत लिहिलं, मायअ‍ॅनिमेलिस्ट या संकेतस्थळावर. तिथे पूर्वी परीक्षण टाकताना रकाने भरावे लागत: कथा, चित्रण, ध्वनी, पात्रं, मजा किती आली. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि मग एकूण गुण. यंदा भाचीला दहावीचं रसग्रहण शिकवत होते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी, की झालं. कविता पोचली नाही तरी गुण मिळतात. तेव्हा ट्यूब पेटली, की मीही सहा वर्षं हेच करतेय.

त्याच भाचीने माझं एक परीक्षण वाचून विचारलं, "मावशी, सात दिलेस म्हणजे बघू की नको?" मग मी तिला फोनवर अर्धा तास मराठीतून सगळं सांगितलं. तिने त्याच रात्री बघायला घेतलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की जे तिला सांगितलं त्यातलं अक्षरही त्या परीक्षणात नव्हतं.

म्हणून म्हटलं, मराठीतच लिहू. आणि अडकले. 'स्पाइस अँड वुल्फ'वरचा हा तुकडा बघा (लेखक इसुना हासेकुरा, पहिला खंड २००६, अ‍ॅनिमे २००८ आणि पुन्हा नव्याने पहिल्यापासून २०२४):

"लॉरेन्स हा गावोगाव माल घेऊन फिरणारा व्यापारी. त्याच्या गाडीतल्या मालात एक मुलगी सापडते. तिला लांडग्याचे कान आणि शेपूट आहे. ती होलो, एका गावाच्या गव्हाची राखण करणारी जुनी देवता. एका चांदीच्या नाण्याबद्दल बाजारात कुजबुज असते, की नव्या नाण्यात चांदी वाढणार. लॉरेन्स जुनी-नवी नाणी गोळा करतो. होलो कान देऊन ऐकते आणि सांगते, की नव्या नाण्याचा आवाज जुन्यापेक्षा किंचित कमी तीक्ष्ण आहे. म्हणजे चांदीचं प्रमाण वाढलेलं नाही, उलट कमी होत चाललं आहे."

एकही चूक नाही, पण मराठी वाटतंय का? मला नाही वाटत. सरकारी पत्रक वाचल्यासारखं होतंय. इथे कुणी असलं काही लिहितं का? गुण देता का? आणि "कार्टूनवर काय लिहायचं" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं काय करता?

खारी_बटर | रात्री ११:५२

पयला! (ही हौस कधीची फेडायची होती.)

नातेवाइकांना एकच सांगायचं: दूरदर्शनवर रविवारी डोळे लावून बघितलेला मोगली जपानी होता. १९८९ सालचं अ‍ॅनिमे. मला स्वतःला हे पस्तिशीत कळलं. पोट धरून हसलो, मग उगाच थोडं वाईटही वाटलं.

परीक्षण वगैरे आपल्याला जमत नाही. वाचतोय. चहा घेऊन बसलोय.

हिरागाना_काकू | शनिवार, सकाळी ७:१५

पागोळी, तुकडा चांगला आहे. उगाच स्वतःला झोडपू नकोस. मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते. पूर्वी कंपनीत जपानला पाठवतात म्हणून मुलं यायची, आता अर्धा वर्ग अ‍ॅनिमेमुळे येतो. तेव्हा या विषयात माझं मीठ आहे.

आधी शब्दाबद्दल. जपानीत तो उच्चार 'आनिमे' आहे. 'अ‍ॅनिमे' हे इंग्रजीमार्गे आलं. चालू दे, रुळलंय. पण पात्रांची नावं लिहिताना इंग्रजीचा वळसा घालू नका, गरजच नाही. जपानी पाच स्वर आ, इ, उ, ए, ओ आपल्याकडे जसेच्या तसे आहेत. त्यांच्या अक्षरांचा क्रमसुद्धा का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. ओळखीचा वाटतोय ना? वाटणारच. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकली, तिच्या वर्णमालेच्या वळणावर तो बसलाय. आणि 'त्सु' म्हणताना हिंदी पट्ट्यातल्या मुलांची बोबडी वळते. आपल्या मुलांना मी सांगते, 'चूल'मधला च काढा. 'चिमट्या'तला नव्हे, 'चुली'तला. एका मिनिटात जमतं.

दुसरं म्हणजे 'मी'. जपानीत 'मी'ला वाताशी, बोकु, ओरे असे किती तरी शब्द. ओरे म्हणणारा मुलगा जरा रांगडा, बोकु म्हणणारा सौम्य. एखादी मुलगी स्वतःला बोकु म्हणाली की तिथेच पात्र उभं राहिलं. इंग्रजी उपशीर्षकात सगळ्यांचा एकच 'आय' होतो. मराठीतही 'मी' एकच, खरं आहे, पण आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, अहो-जाहो आहे, अगं-अरे आहे. कोण कुणाला 'तू'वरून 'तुम्ही'वर नेतो किंवा उलट आणतो, हे मराठी वाचकाला न समजावता कळतं. ही तुमची इस्टेट आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जिथे परिच्छेद खर्चावा लागतो तिथे तुमचं एका वाक्यात भागतं.

८४_लक्ष | सकाळी ९:०३

काकूंना साष्टांग.

माझा प्रांत इसेकाइ. म्हणजे नायक ट्रकखाली येतो आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो. कुणी राजपुत्र होतो, कुणी तलवार, कुणी चिकट द्रवाचा गोळा. मित्राच्या आजीला एकदा कथानक सांगितलं. ती म्हणाली, "यात नवीन काय? चौऱ्यांशी लक्ष योनी आहेत, त्यातली एखादी मिळायचीच." माझ्या परीक्षणाचं पहिलं वाक्य तिथेच मिळालं, नावही तिथूनच घेतलं.

या मालिकांची नावं दीड-दोन ओळींची का असतात यावर लोक हसतात. त्यामागे कारण आहे. यातल्या पुष्कळशा आधी 'शोसेत्सुका नि नारो' या संकेतस्थळावर फुकट येतात. ते २००४ पासून आहे. तिथे हजारो कथांच्या यादीत वाचकाला आधी फक्त नाव दिसतं. मग नावातच सगळं सांगून टाकायचं. आपल्या भाजीवाल्या मावशी कशा ओरडतात, "गावठी, आजची, कोवळी, वीसला दोन"? तसं.

त्रिफळा | सकाळी १०:२०

मी जरा उलट बोलणार. गुणांना एवढी नाकं मुरडू नका.

दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, नव्या मालिकांचं पीक येतं. एका हंगामात पन्नासच्या आसपास. बहुतेकांचे बारा-तेरा भाग. नोकरी, लोकल, पोरं सांभाळून माणूस किती बघणार? मला आकडा हवा. चाळणी म्हणून. तुमचं ललित वाचायला मला रविवार लागतो, आकडा मी डोंबिवली ते ठाणे होईपर्यंत बघतो.

आणि गुण न देणारे परीक्षक पुष्कळदा भित्रे असतात. 'रंजक पण सर्वांनाच रुचेल असे नाही' म्हणजे काय हो? पाच दिलेत ना? मग लिहा पाच.

पागोळी | दुपारी १:३५

त्रिफळा, भित्रेपणाचं मान्य. मला ते लागलं, कारण खरं आहे.

पण आकड्याची गंमत बघा. त्या साइटच्या पट्टीवर पाच म्हणजे 'सर्वसाधारण' आणि सहा म्हणजे 'बरं'. प्रत्यक्षात कुणी सहा दिले की मालिका पडली असंच समजतात. सगळं जग सात ते नऊच्या मधे कोंबलेलं. बारावीत नव्वद टक्क्यांना हल्ली जसं कुणी पेढे वाटत नाही तसं झालंय.

एक असं उदाहरण देते जिथे आकडा मला देताच आला नाही. हारुही सुझुमियाचा दुसरा हंगाम, २००९. (मूळ लाइट नॉव्हेल नागारु तानिगावा यांची, २००३ पासून.) पुस्तकात पाचव्या खंडात एक कथा आहे: उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडत राहतात आणि पात्रांना ते आठवत नाही. वाचायला तासभर लागतो. क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने याचे किती भाग केले असतील? आठ! आठ आठवडे दर आठवड्याला तीच गोष्ट. तोच पोहण्याचा तलाव, तोच बोन उत्सवाचा नाच, तेच सिकाडा किडे पकडणं, तोच बेडकाच्या पोशाखातला फुटकळ रोजगार, तेच हॉटेलातून उठताना "काहीतरी राहिलं" असं वाटणं. तेव्हा टीव्हीवर बघणाऱ्यांनी किती शिव्या घातल्या असतील!

मी हे सगळं उशिरा, एका शनिवार-रविवारी बघितलं. तिसऱ्या भागात कंटाळले, चौथ्यात चिडले. पाचव्या भागात चाळा म्हणून कपडे बघायला लागले आणि ताठ बसले. दर भागात कपडे वेगळे. पोहण्याचे वेगळे, उत्सवातले युकाता वेगळे, कॅमेऱ्याच्या जागा वेगळ्या. त्यांनी एक भाग आठ वेळा दाखवला नव्हता, तोच भाग आठ वेळा नव्याने केला होता. चित्रं नवी. आवाजही दर वेळी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेला. आणि कोपऱ्यात युकी नागातो नावाची एक मुलगी गप्प बसलेली. तिला एकटीला सगळं आठवतं. पंधरा हजार पाचशेहून जास्त फेऱ्या, म्हणजे पाचशे नव्वदहून जास्त वर्षं. माझी आठ भागांत ही गत, तर तिचं काय? कंटाळा हाच तिथे कथानक आहे.

आता सांगा, याला किती देऊ? बघताना दोन. आठवताना नऊ. सरासरी काढली तर साडेपाच, आणि साडेपाच ही शुद्ध थाप आहे.

मला वाटतं परीक्षण लिहायचं ते त्या पाचव्या भागात ताठ बसले त्या क्षणाचं. बाकी माहिती विकीवर आहेच.

सुट्टीचा_अभ्यास | दुपारी १:५०

अहो!! मी नेमका तिसऱ्या भागावर आहे!!! रहस्यभेद असं वर ठळक लिहायचं ना!

पागोळी | दुपारी १:५८

अरे देवा. माफ कर. पण शेवट कसा होतो ते सांगितलेलं नाही, आणि तुझं सदस्यनाम बघता तुला तो जवळचा वाटणार आहे.

खारी_बटर | दुपारी २:०१

=)) =))

फ्रेम_मोजणारा | दुपारी ३:४४

मी अ‍ॅनिमेशन शिकतोय, शेवटचं वर्ष. परीक्षणांमधलं माझ्या डोक्यात जाणारं वाक्य: "अ‍ॅनिमेशन छान आहे." म्हणजे स्वयंपाक छान होता म्हणण्यासारखं. आमटी की भरीत?

एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत सहसा एकच चित्र तीन चौकटींना पुरवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. दोघं बोलत असतील तर नुसतं तोंड हलतं, बाकी सगळं स्थिर. हे स्वस्तातलं किंवा वाईट काम नव्हे, ही काटकसर आहे. महिन्याच्या बजेटात संसार चालवायचाय. मग बघायचं काय, तर यांनी तूप कुठे वाढलंय ते. बहुतेक जण मारामारीत वाढतात. क्योतो अ‍ॅनिमेशन एखादी मुलगी बुटाची नाडी बांधते तिथे वाढतात. परीक्षणात हे लिहा. "अमुक भागात अकराव्या मिनिटाला ती चिठ्ठी घडी घालते, ते बघा" असं एक वाक्य दहा विशेषणांना भारी.

आणि नावं लिहा. भागाच्या शेवटी श्रेयनामावलीत 'गेंगा' म्हणजे मुख्य चित्रं काढणाऱ्यांची नावं येतात. जपानी येत नसेल तरी इंग्रजीत शोधता येतात. मी आधी लिहायचो नाही. 'स्टुडिओने माती केली', 'स्टुडिओने जिंकलं' असंच. १८ जुलै २०१९ ला क्योतो अ‍ॅनिमेशनच्या इमारतीला आग लावली गेली. छत्तीस जण गेले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या आठवड्यात जुनी परीक्षणं चाळली तर माझ्यासकट सगळ्यांच्या लिखाणात 'स्टुडिओ', 'स्टुडिओ', 'स्टुडिओ'. माणूस एकही नाही. तेव्हापासून किमान एक नाव लिहितोच, निदान ज्याचं काम आवडलं त्याचं.

हिरागाना_काकू | संध्याकाळी ५:१०

फ्रेम_मोजणारा, हे फार बरं केलंस लिहून.

मोहोळ_निशीकासाई | संध्याकाळी ५:३२

तोक्योहून हजेरी. आमच्या निशी-कासाईत एवढे भारतीय आहेत, की कधी कधी पिंपरीत उतरल्यासारखं वाटतं. त्यामुळे रामराम.

लाइट नॉव्हेल इथल्या दुकानात कशी दिसते ते सांगतो, कारण ई-बुकवर वाचणाऱ्यांची ही मजा हुकते. पुस्तकाला कमरेला एक कागदी पट्टा असतो, 'ओबी'. त्यावर ठळक अक्षरांत 'अ‍ॅनिमे होणार, निश्चित!' वगैरे. गल्ल्यावरचा पोरगा विचारतो, "कव्हर घालू का?" हो म्हटलं की साध्या कागदाचं कव्हर असं सफाईने घालतो की आपल्या शाळेच्या पहिल्या आठवड्याची आठवण यावी. गाडीत कोण काय वाचतंय हे त्यामुळे कुणालाच कळत नाही. पन्नाशीचे गृहस्थ गंभीर चेहऱ्याने वाचत असतात, आत काय असेल देव जाणे. शेवटी 'आतोगाकी', म्हणजे लेखकाचं मनोगत. बरेच जण तेच आधी वाचतात. मीही. दोन-चार पानांत लेखक मांजर, मुदत आणि पाठदुखी यांवर बोलतो. परीक्षण लिहिणाऱ्यांनी तो भाग सोडू नये.

काकूंना विचारायचं होतं: इथे मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत 'दोकुशो कान्सोबुन' लिहावं लागतं ना? माझी लेक पाचवीत आहे. तिचं रडणं चालू आहे.

हिरागाना_काकू | संध्याकाळी ६:२०

हो हो! चौकटीचौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. 'कान्सो' म्हणजे वाचून मनात काय आलं ते. समीक्षेला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'हिह्यो'. ही वेगळी खाती आहेत आणि तिथे कुणी त्यांची गल्लत करत नाही. आपण 'परीक्षण' म्हटलं की लगेच परीक्षक होऊन लाल पेन काढतो. पागोळीने भाचीला फोनवर जे सांगितलं ते कान्सो होतं.

लेकीला सांगा, सारांश लिहू नकोस. पुस्तकातल्या कुणाचा राग आला तेवढंच लिही. पान भरतं.

नाशिककर_आई | रात्री ९:०५

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगा तेरा वर्षांचा आहे. अ‍ॅनिमे बघतो, मी अडवत नाही. पण मी परीक्षणं वाचते तेव्हा जे मला हवं ते कुठेच नसतं. तत्त्वज्ञान असतं, 'पात्रांचा प्रवास' असतो. यात नको तितकं रक्त आहे का, मुलींना कसं दाखवलंय, हे कुणी सरळ लिहीत नाही. परवा सोबत बसून एक भाग बघितला. दोघंही छताकडे बघत होतो.

पागोळी | रात्री ९:४०

ताई, मनापासून सांगते, हे मी मुद्दाम टाळायचे. इंग्रजीत त्याला 'फॅन सर्व्हिस' म्हटलं की काम भागतं, शब्द इतका गुळगुळीत आहे. मराठीत लिहायला गेलं तर स्पष्ट लिहावं लागतं आणि मग माझं मलाच कळतं की हे मी चालवून घेत होते. एका मालिकेचे दोन गुण माझ्याकडून नुसत्या भाषांतराने कमी झाले!

यापुढे वर दोन ओळी टाकेन: रक्त किती, अंगप्रदर्शन किती, कुठल्या वयाला नको. आणि पोस्टरवर जाऊ नका. 'मादोका मागिका' (२०११) चं चित्र बघाल तर गुलाबी फ्रॉकमधल्या गोड मुली. सात वर्षांच्या मुलीला लावून देऊन स्वयंपाकघरात जाल आणि तिसऱ्या भागाला धावत बाहेर याल. का, ते सांगत नाही. सुट्टीचा_अभ्यास लक्ष ठेवून आहे.

सुट्टीचा_अभ्यास | रात्री ९:४४

आहे.

शाईचा_डाग | रात्री १०:५५

परीक्षणासाठी घराबाहेर पडावं लागतं हा माझा अनुभव. 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' नावाची मालिका आहे, लेखिका मिया काझुकी. मुख्य मालिका तेहतीस खंडांची, घाबरू नका. पुस्तकवेडी मुलगी मरते आणि अशा जगात पाच वर्षांची पोर होऊन जन्मते जिथे गरिबाघरी पुस्तक नाही. मग ती स्वतःच बनवायला निघते. आधी गवताचे तंतू विणून कागद करू बघते, ताकद पुरत नाही. मग मातीच्या पाट्या करते, त्या भाजताना फुटतात. मग लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते, त्या आई सरपण समजून चुलीत घालते. (इथे मी रडलो. हसू नका.)

शेवटी झाडाच्या सालीपासून कागद. साल उकडायची, सोलायची, राखेच्या पाण्यात शिजवायची, कुटायची, लगदा चाळणीवर घ्यायचा. पुस्तकात हे पानंच्या पानं चालतं. मी परीक्षणात 'संथ' लिहून मोकळा होणार होतो. मग शिवाजीनगरला हातकागद संस्थेत गेलो. ओला ताव हातात धरून बघितला. तो उचलताना श्वास आपोआप रोखला जातो. घरी येऊन 'संथ' खोडला.

अवांतर: माझं ते परीक्षण एका बातम्यांच्या पोर्टलने नाव न देता जसंच्या तसं छापलं. कसं कळलं? 'सरपण'ऐवजी मी चुकून 'सपरण' टंकलं होतं. त्यांच्याकडेही सपरणच.

८४_लक्ष | रात्री ११:०२

सपरण =)) यापुढे दर परीक्षणात एक मुद्दाम पेरा. शेतात बुजगावणं लावतात तसं.

त्रिफळा | रात्री ११:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(दोनदा पडला होता. म्हणायचं इतकंच होतं, की बुकवर्म बघायला घेतलंय. आकडा न बघता. कुणाला सांगू नका.)

हळकुंड | रविवार, सकाळी ६:०५

नमस्कार. सांगलीहून. वय बासष्ट. हळदीची अडत आहे, तिसरी पिढी. नातवानं हा धागा दाखवला, कारण ती लांडगीणीची गोष्ट आम्ही दोघांनी मिळून बघितली आहे. मी अ‍ॅनिमे वगैरे बघत नाही, पण तो म्हणाला "आजोबा, यात व्यापारी आहे", म्हणून बसलो आणि उठलोच नाही.

एक प्रसंग पागोळीताईंनी सोडला आहे. तो लॉरेन्स कातडी विकायला पेढीवर जातो. भाव ठरतो आहे तोवर ती होलो मधे बोलते. म्हणते, माल नीट बघा, कातड्यांना फळांचा वास येतोय, आणि भाव चढवून घेते. नातू म्हणाला, फसवलं. मी म्हणालो, थांब. आमच्याकडं सौद्याला हळकुंड मोडून बघतात, रंग बघतात, हुंगतात. माल तोच असतो, पण कुणाच्या पुढं कधी मोडायचं याला अक्कल लागते. त्या पोरीला ती आहे. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचा, तेव्हा समोरच्याचा चेहरा वाचणारा जिंकायचा. त्या चित्रातल्या पेढीवाल्याचा चेहरा आधी हुशार असतो आणि मग हळूच लोभी होतो. कुणी काढला असेल तो? वर त्या मुलानं लिहिलंय नावं शोधा म्हणून. नातवाला कामाला लावलं आहे.

आता ताई, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय, "आवाज किंचित कमी तीक्ष्ण आहे". असं कोण बोलतं? माझे आजोबा चांदीचा रुपया दगडावर टाकायचे. चांगला असला तर खणखणीत. खोट असली तर बद्द वाजायचा. नाणं बद्द वाजतं असं म्हणायचं. आणि चांदीचं 'प्रमाण' नसतं, कस असतो. नाणं बद्द वाजतं, कस उतरलाय. संपलं.

पागोळी | सकाळी ८:१२

आजोबा, राग कसला.

हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता. मडकं घेताना टिचकी मारायची आणि म्हणायची, "हे नको, बद्द वाजतंय." मी शेजारी उभी असायचे.

तुकडा दुरुस्त केला आहे:

"लॉरेन्स जुनी-नवी नाणी गोळा करतो. होलो डोळे मिटून एकेक ऐकते. जुनं खणखणीत. त्याच्या नंतरचं जरा कमी. नवं बद्द वाजतं. कस उतरलाय."

पेढीवरचा प्रसंग मी लिहिणार नाही. तो तुम्ही लिहायचा, इथेच, वेगळा धागा काढून. टंकायला नातू आहेच.

हळकुंड | सकाळी ८:४०

आज रविवार, सौदे नाहीत. बसतो.

गुण द्यायचे असतात का?